करणारं माणूस

आपल्या मराठीत 'करणं' हे क्रियापद मोठं गमतीचं आहे. वर्गात शिकवताना मी ते सकर्मक क्रियापदाचं उदाहरण म्हणून फळ्यावर लिहीत असे. कर्म हवंच. काय केलं? अभ्यास केला, स्वयंपाक केला. पण घरातल्या बोलण्यात याच क्रियापदाचं कर्म गळून पडतं आणि कोणाचं काही अडत नाही. "तिनं सासूचं फार केलं हो!" काय केलं, ते कोणी विचारत नाही. "त्यांचं करायला कोणी नाही." काय करायला, तेही कोणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक असतं म्हणूनच बोलायचं नसतं.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर हाच प्रश्न विचारतात. "यांचं करायला घरी कोण आहे?" २०२२ च्या पावसाळ्यात ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. संभाजीनगरच्या एका रुग्णालयात अठरा दिवस काढल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "मी आहे." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, वय विचारलं नाही, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ती कागदावरची एक ओळ म्हणजे आमची पुढची सगळी वर्षं.

आज या 'करण्या'विषयी लिहायचं ठरवलं आहे. कारण आमच्या घराण्यात सध्या याच प्रश्नावर फोनाफोनी चालू आहे, आणि फोनवर जे नीट बोलता येत नाही ते लिहून बोलावं अशी माझी जुनी सवय आहे. नातेवाईक मंडळी वाचतीलच. बाकीच्यांच्या घरीही थोड्याफार फरकाने हेच चालू असणार.

तर आधी ते गळून पडलेलं कर्म सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं काय काय करावं लागतं? दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. आधी कातडी फक्त लालसर दिसते. तेव्हा लक्ष दिलं तर वाचलं, नाहीतर ती जखम महिनोन् महिने भरत नाही. भरवताना पाठ उंच करून बसवायचं आणि जेवणानंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही. पक्षाघातानंतर गिळणं कच्चं राहिलं तर साधं पाणीच सगळ्यात जास्त ठसकतं, दाटसर पेज त्यापेक्षा बरी जाते. अंगात सदरा घालताना लुळा हात आधी घालायचा आणि काढताना तोच शेवटी काढायचा. दात घासायचे, नखं कापायची, दाढी करायची. लघवीचा रंग बघायचा. पोट साफ झालं की नाही ते लक्षात ठेवायचं. लुळ्या हातापायांची हालचाल दिवसातून तीनदा करून घ्यायची, नाहीतर सांधे धरतात. आणि हे सगळं करताना त्या माणसाशी बोलत राहायचं. त्याला उत्तर देता येत नाही म्हणून त्याला कळत नाही असं नसतं.

याशिवाय धुणं. जालन्यात राहणाऱ्या माणसाला धुण्याचं महत्त्व सांगायला नको! २०१२-१३ च्या दुष्काळात आम्ही टँकरमागे पळालो आहोत. घाणेवाडीचा निजामाच्या काळातला तलाव, मग जायकवाडीचं पाणी, असं सगळं झालं तरी नळाला पाणी येण्याचा दिवस अजून आमच्याकडे सणासारखा असतो. आजारी माणसाच्या घरात रोज दोन-तीन चादरी आणि पाच-सहा कपडे निघतात. पाणी येणार नसेल त्या आठवड्यात माझा हिशेब चादरींनी सुरू होतो आणि चादरींनीच संपतो.

आमचं घर एमआयडीसीला लागून आहे. हे इथल्याच एका रोलिंग मिलमध्ये हिशेबनीस होते, म्हणून ही जागा घेतली. भंगाराचे ट्रक आत जातात, भंगार भट्टीत वितळतं, लाटलं जातं, आणि सळया होऊन बाहेर पडतं. बी-बियाणं आणि सळई या दोन गोष्टींवर आमच्या गावाचं नाव सगळीकडे पोचलं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको इथंच सुरू केली. 'जालना सोने का पालना' असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पाळणा आहे खरा. पण पाळण्यातल्याचं आणि खाटेवरच्याचं करणारी माणसं कोण, ते या म्हणीत नाही.

ह्यांचं करायला जी ताई येते, तिचा नवरा भट्टीवर आहे. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. त्याच्याबरोबर बिहार-उत्तर प्रदेशची पोरं आहेत. त्यांचे आईबाप तिकडे गावात, कोणाच्या तरी भरवशावर. ताई परतूर तालुक्यातली. तिच्या खोलीत म्हातारी सासू आहे, तिला दिसत नाही. सकाळी आठला ताई माझ्याकडे येते तेव्हा सासूच्या बाजेजवळ पाण्याचा तांब्या, भाकरी आणि एक काठी ठेवून येते. "बाई, म्हातारीला सांगून आले, शेजारणीला हाक मारजो म्हणून. पण ती मारत नाही. तिला लाज वाटते." हे ती सहज सांगते, ह्यांच्या पाठीला पावडर लावता लावता.

तुमच्या लक्षात येतंय ना? माझ्या घरचं कोणीतरी करावं म्हणून तिच्या घरचं करायला कोणी उरत नाही.

ताईच्या आधी ब्यूरोकडून बायका येत. नाव सांगत नाही, पण तो ब्यूरो माझ्याकडून महिन्याला अठरा हजार घेई आणि त्या बाईच्या हातात अकरा पडत. एका बाईनेच मला हे सांगितलं. दर दोन महिन्यांनी बाई बदलायची, आणि प्रत्येक नव्या बाईला मी कूस बदलण्यापासून शिकवायचं. शिकवण्याचं मला वावडं नाही, जन्म त्यातच गेला. पण माझ्याकडे शिकून तयार झालेली बाई दुसऱ्या गावी जायची आणि मी पुन्हा पहिलीचा वर्ग घेऊन बसायचे. शेवटी मी ताईला थेट ठेवलं, ठरवून पगार दिला आणि शिकवायला चांगली शिक्षिका मिळवून दिली. ती शिक्षिका म्हणजे माझी भाची, अक्काची मुलगी, जी कॅनडात हेच काम करते.

भाची ऑन्टारिओ प्रांतात आहे. तिथे या कामाला पर्सनल सपोर्ट वर्कर म्हणतात. त्याचा रीतसर अभ्यासक्रम असतो. ती इथून बी.कॉम. होऊन गेली आणि तिकडे म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं शिकली. हे ऐकून आमच्या काही नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली होती, ते मला आठवतं. आता त्यांच्याकडे कोणी आजारी पडलं की पहिला फोन तिलाच जातो!

तिने व्हिडिओ कॉलवर ताईला शिकवलं. मी फोन धरून उभी. खाटेवर आडवी चादर कशी घालायची, त्या चादरीला धरून माणूस वर कसा सरकवायचा, आपली कंबर न मोडता गुडघ्यात कसं वाकायचं. "आधी सांगायचं, मग हात लावायचा," हे तिचं पहिलं वाक्य होतं. "काका, आता मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते, असं म्हणायचं आणि मग वळवायचं. न सांगता हात लावला की माणूस दचकतो." एक बाई कॅनडातून बोलत होती, दुसरी जालन्यात ऐकत होती, आणि दोघींच्या मध्ये ह्यांचे डोळे. त्या दिवशी मला दिसलं की ते डोळे ऐकत होते.

कॅनडातल्या व्यवस्थेबद्दल तिच्याकडून जे ऐकलं आणि नंतर मी जे वाचलं, ते थोडं सांगते. तिथे घरी जाऊन शुश्रूषा करण्याची परंपरा जुनी. १८९७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हा, गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ॲबरडीन यांनी 'व्हिक्टोरियन ऑर्डर ऑफ नर्सेस' ही संस्था काढली. दूरदूरच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाणाऱ्या परिचारिका. पुढे १९७४ साली मॅनिटोबा प्रांताने संपूर्ण प्रांतासाठी सरकारी होम केअर सुरू केली. पण १९८४ च्या त्यांच्या आरोग्य कायद्यात हमी आहे ती डॉक्टर आणि रुग्णालय यांची. घरची शुश्रूषा प्रत्येक प्रांताने आपापल्या मगदुराप्रमाणे करायची. ऑन्टारिओत २०२४ पासून हे काम 'ऑन्टारिओ हेल्थ ॲटहोम' नावाच्या एकाच सरकारी यंत्रणेकडे आहे. त्यांचा माणूस घरी येतो, बघतो, आणि आठवड्याला किती तास मदत द्यायची ते ठरवतो.

तास! भाचीचा सगळा दिवस तासांत कापलेला असतो. एका घरी पाऊण तास, मग बर्फातून गाडी चालवत पुढचं घर. एका आजीला तिच्याशी बोलायचं असतं, पण आंघोळ आणि न्याहारी यातच वेळ संपतो. ती म्हणते, "मावशी, मी दाराबाहेर पडताना त्या रोज विचारतात, उद्या तूच येशील ना? आणि मला माहीत नसतं." उरलेल्या तासांचं काय? तिथेही ते घरचीच माणसं करतात. २०१८ च्या त्यांच्या सरकारी पाहणीत आजारी, अपंग किंवा म्हाताऱ्या माणसाचं करणारे सुमारे ७८ लाख लोक निघाले. पंधरा वर्षांवरच्या दर चार माणसांत एक. म्हणजे 'तिकडे सगळं सरकार करतं' हा आपला समज काही खरा नाही. आणि 'तिकडे म्हाताऱ्यांना टाकून देतात' हाही नाही.

२०२० मध्ये करोनाची पहिली लाट आली तेव्हा कॅनडातले दहापैकी आठ मृत्यू वृद्धांच्या निवासी संस्थांमध्ये झाले. काही ठिकाणी मदतीला लष्कराचे जवान पाठवावे लागले. त्यानंतर आपलं माणूस शक्यतो घरीच राहावं असं तिकडे पुष्कळांना वाटू लागलं. पण घरी करायला माणसं हवीत. ती आणायची कुठून? पूर्वीही ती बाहेरूनच येत. १९९२ ते २०१४ या काळात घरात राहून शुश्रूषा करणाऱ्यांसाठी त्यांची खास योजना होती. त्यातून मुख्यतः फिलिपाइन्सच्या बायका गेल्या, आपली लेकरं मागे ठेवून. आता आपल्याही मुली जातात.

एक गोष्ट मात्र मला तिकडची फार आवडली. घरातलं माणूस मरणासन्न असेल तर त्याचं करायला नोकरदाराला रजा मिळते आणि रोजगार विम्यातून पगाराचा काही भाग, साधारण ५५ टक्क्यांपर्यंत, मिळतो. त्यालाही वरची मर्यादा आहेच. २००४ साली हे सुरू झालं तेव्हा सहा आठवडे होते, २०१६ पासून सव्वीस झाले. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा, म्हणजे चांगला जुना. त्यात विमा असलेला कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना औषधोपचारही मिळतात. पण आईचं करायला तो घरी राहिला, तर तो दिवस नुसता खाडा. ताईच्या नवऱ्याची आई आंधळी आहे, आणि त्याच्या कारखान्याच्या हजेरीत तिच्यासाठी रकाना नाही.

कायद्यांचंच बोलायचं तर २००७ साली आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. त्या कायद्यात 'मुलं' या शब्दात मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही! म्हणजे प्रत्यक्षात जी करते तिचं नावच नाही. २०१९ साली दुरुस्तीचं विधेयक आलं होतं. त्यात सून-जावई होते आणि घरी शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणीही होती. ते मंजूर झालं नाही. त्यामुळे माझ्याकडून अठरा घेऊन बाईला अकरा देणाऱ्या ब्यूरोला हिशेब विचारणारं आजही कोणी नाही.

केंद्र सरकारने २०१९ मध्येच आणखी एक काम केलं. लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरच्या माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या बायका २७.६ टक्के निघाल्या आणि अशा बाईचा त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटं वेळ जात होता. पुरुष १४ टक्के, वेळ ७६ मिनिटं. यात लेकरांचं करणंही आलं. मला तर ७६ मिनिटं ऐकूनच आनंद झाला, आमच्या घराण्याची सरासरी बरीच खाली आहे :)

खरं म्हणजे आपल्याला याचं वळण नव्हतं असं नाही. पंढरीचा विठोबा विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता आणि त्याने देवाला थांबायला सांगितलं. पुंडलिक मुलगा होता, सून नव्हे. दरवर्षी लाखो पुरुष त्या विटेपुढे डोकं टेकवून येतात. घरी आल्यावर आईचं अंथरूण बदलायला बायकोला हाक मारतात. आणि देवाला थांबवायचं सोडा, आपण कारखान्याच्या भोंग्यालाही थांबवू शकत नाही.

हे काम शिकवून येतं आणि त्यासाठी फार मोठी शाळा लागत नाही, हे आपल्याच महाराष्ट्राने दाखवलं आहे. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथून विधवा बायका परिचारिकेचं शिक्षण घेऊन बाहेर पडल्या. त्या काळात परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं म्हणजे काय होतं, विचार करा. १९७० साली जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने अक्षरओळख नसलेल्या खेडुत बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू इतके कमी झाले की १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या.

जे पाळण्यातल्याचं झालं, ते खाटेवरच्याचं का होऊ नये? केरळात २००८ साली सरकारने धोरण केलं आणि गावपंचायतींमार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या, गावचे लोकही बरोबर असतात. तमिळनाडूने २०२१ मध्ये दारापर्यंत आरोग्यसेवा नेली, तीत घरी येणारे फिजिओथेरपिस्टही आहेत. आपल्याकडेही वृद्धांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि खाटेवरच्या म्हाताऱ्यांच्या घरी जावं असं त्यात लिहिलेलं आहे. आमच्या गल्लीत अजून तरी कोणी आलेलं मी पाहिलं नाही. एमआयडीसीत वेल्डर आणि फिटर लागतात म्हणून आयटीआयमध्ये ते विषय असतात. या वस्तीत करणारी माणसंही लागतात. त्यांचा सहा महिन्यांचा वर्ग काढला तर मी अजूनही शिकवायला जाईन.

असो. आता घरच्या गोष्टीकडे वळते, म्हणजे ज्यासाठी हे लिहायला बसले.

गेल्या महिन्यात अंबडला अक्का न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट झालं. वय ७८. डॉक्टर म्हणतात, तीन महिने माणूस हवं, नंतरही एकटीने राहायचं नाही. भाची रात्रभर फोनवर रडली. दिवसभर परक्या आज्यांना आंघोळ घालायची आणि आपल्या आईला कोण घालतंय ते माहीत नाही. अक्काला सुपर व्हिसावर तिकडे न्यावं असं तिच्या मनात आहे. आता त्या व्हिसावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं. पण त्यासाठी खाजगी आरोग्य विमा काढावा लागतो. मोडलेल्या खुब्याची ७८ वर्षांची बाई तो विमा काढून, दोन विमानं बदलून, बर्फात जाणार, आणि तिथे दिवसभर घरात एकटी. कारण भाची कामावर, दुसऱ्या कोणाच्या तरी आईकडे! अक्काने साफ सांगितलं, "मी मत्स्योदरीच्या डोंगराखालून हलायची नाही."

मग फोनाफोनी सुरू झाली आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबली. अक्काच्या पुण्याच्या सुनेने सहा महिने बिनपगारी रजा घ्यावी. मुलाने घ्यावी असं एकाच्याही तोंडून आलं नाही. त्या मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, "मावशी, रजा मिळेल, पण परत गेल्यावर ते काम मिळेल का ते माहीत नाही. घराचे हप्ते दोघांच्या पगारावर आहेत." ती अक्काचं करायला नाही म्हणत नाही. सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर आलं आहे, ते कोणी विचारून आलेलं नाही, एवढंच तिचं म्हणणं. ते रास्त आहे.

म्हणून मी एक व्यवस्था सुचवते. अक्काला आमच्याकडे आणायचं. घर तळमजल्यावर आहे, संडासात धरायला दांड्या आहेत, खाट आहे, शिकलेली ताई आहे. अंबड तासाभराच्या अंतरावर आहे, अक्काला बरं वाटलं की देवीला नेऊन आणता येईल. ताई दिवसा दोघांचं करेल, तिचा पगार त्या मानाने वाढेल. रात्रीसाठी तिचीच जाऊ यायला तयार आहे, तिला ताई शिकवेल. ताईच्या सासूचाही विचार करायचा. आमच्या मागच्या खोलीत म्हातारी दिवसभर बसू शकते, तिला आणि अक्काला गप्पांना सोबत होईल. पैसे भाची पाठवते म्हणाली, पण तिच्या एकटीच्या गळ्यात ते घालायचे नाहीत. खर्चाचा कागद मी सगळ्यांना पाठवते. ज्याला जे झेपेल ते त्याने लिहावं.

पण खरी गोम पैशांत नाही. ताईला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची आहे. रविवारची. तिच्या नवऱ्याला मिळते, मग तिला का नको? त्या दिवशी दोन माणसांचं करायला मला एकटीला होणार नाही. ७३ वर्षांच्या बाईने ७९ वर्षांचा माणूस उचलणं म्हणजे काय, ते माझ्या कमरेला विचारा. वर्षाचे रविवार ५२. आपल्या घराण्यात जालना, संभाजीनगर, पुणे, नाशिक धरून हातीपायी धड असलेली मोठी माणसं मी मोजली, मुलगे, मुली, सुना, जावई सगळे. तेरा निघाली. तेरा चोक बावन्न. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून चार रविवार.

चार! एवढंच मागते आहे. येऊन बघून जायचं, फळं ठेवायची, "काळजी घ्या" म्हणायचं आणि चहा घेऊन उठायचं, तसं नाही. शनिवारी रात्री यायचं, रविवारी करायचं. आडवी चादर कशी घालायची ते मी शिकवेन, अर्ध्या तासात येतं. मुलग्यांना आणि जावयांना आधी शिकवेन, कारण त्यांच्या हातात जोर जास्त. ह्यांना बोलता येत नाही, पण आपली दाढी कोण नीट करतो ते त्यांना बरोबर कळतं आणि ते ते दाखवतातही.

वही तयार आहे. दोनशे पानी, शाळेत हजेरीला आखायचे तशा रकान्यांची. डावीकडे तारखा लिहून झाल्या आहेत, उजवीकडचा रकाना रिकामा आहे. फोनवर नाव आणि तारीख कळवा, मी टिपून घेते. दिवाळीचा रविवार कोणी मागणार नाही हे मला माहीत आहे, तेव्हा तो पुण्याच्या थोरल्या भाच्याच्या नावावर मी आधीच लिहून टाकला आहे. त्याची काही अडचण असेल तर त्याने स्वतः फोन करावा. बायकोकडून निरोप चालणार नाही.